घराच्या सतरा खोडी

आठव्या दिवशी सकाळी तात्याबा परसात गेला आणि त्यानं घराच्या कंबरेवर अंगठा दाबून पाहिला. मेंढरू घेताना तो असाच पाहायचा. लोकर बाजूला सारायची, मणक्याच्या दोन्ही अंगांना दाबायचं, मांस किती आणि हाड किती ते लगेच कळतं. मागच्या भिंतीत त्याचा अंगठा पेरापर्यंत आत गेला. त्यानं तो बाहेर काढला, हुंगला, जिभेला लावला आणि म्हणाला, "हं."

या 'हं'ला त्यांच्या घरात तीन पिढ्या एकच अर्थ होता. माल घ्यायचा की नाही ते मागनं बघू, आधी भाव पाडू.

पुढच्या ओट्यावर पेरूची पाटी मांडत बसलेल्या तानूबाईनं तो 'हं' ऐकला. मधे माजघर होतं, पुढची खोली होती, घरमालक बापूसाहेबांचं दणदणीत चूळ भरणं चालू होतं, तरी ऐकला. भावाचे 'हं' ऐकण्यात तिचा जन्म गेला होता. हातातला पेरू तिनं पुसून पाटीत ठेवला आणि पुन्हा उचलून पुन्हा पुसला.

तसं पाहिलं तर मूळ चूक बापूसाहेबांची. मामलेदार कचेरीत तीस वर्षं कारकुनी करून पेन्शनीत निघालेल्या माणसानं इंदापूरकडच्या माणसाशी थट्टा करायला नको होती. बारामतीतलं हे घर सोळाशे रुपयांना ठरलं, एकावन्न रुपये विसार दिला, पानसुपारी झाली, आणि उठता उठता तात्याबा म्हणाला, "आमी बैल घेतला तर आठ दिस जुंपून बघतो. खोड निघाली तर किंमत तोडतो, न्हाईतर जनावर माघारी. घराला बी त्योच नेम." बापूसाहेबांना वाटलं, गडी विनोदी आहे. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "अवश्य! जुंपा की!"

पुढच्या सोमवारी कळंबहून बैलगाडी आली. गाडीत एक जातं, कोंबड्यांची दोन डालगी, तात्याबा, त्याची बायको साखरबाई, थोरला मुलगा मोहनराव आणि तात्याबाची विधवा बहीण तानूबाई. धाकटा झुंबर तेवढा मळ्यावर राहिला होता. बापूसाहेब धोतराचा सोगा धरून दारात आले.

"हे काय?"

"जुंपाय आलू," तात्याबा म्हणाला, आणि त्यानं जातं खाली घेतलं.

त्या घरात फक्त एक माणूस चकित झालं नाही. बापूसाहेबांच्या पत्नी सरुबाई आतून आल्या, डालग्यांकडे पाहून म्हणाल्या, "कोंबड्या परसात सोडा. चुलीला तीन दगड तिथंच आहेत."

तेव्हापासून दोन संसार एका घरात नांदत होते. माजघरात मधोमध एक दोरी बांधली होती. अलीकडे पेन्शनर, पलीकडे बागाईतदार. कुणी कुणाशी भांडलं नाही, कारण दोघांनाही घर आपलंच वाटत होतं आणि पाहुण्याशी भांडणं बरं दिसत नाही.

तानूबाईला मात्र सबंध घराशी काही देणंघेणं नव्हतं. तिचा जीव अडकला होता तो पुढच्या खोलीत. खोली केवढी, तर दोन बाजा टाकल्या की संपली. पण तिला दोन दारं होती. एक माजघरात उघडायचं आणि एक थेट रस्त्यावर, ओट्यावर. तानूबाई बाविसाव्या वर्षी कपाळ पुसून भावाकडे आली, त्याला सव्वीस वर्षं झाली. कुणी तिला उपाशी ठेवलं नाही, कुणी वाकडं बोललं नाही. बोलले तरी सगळ्यांनाच बोलत, त्यात तिलाही बोलत. ती निजायची कणगीच्या आडोशाला. दाणे काढायला कुणी आलं की तिनं उठायचं, दाणे काढून झाले की पुन्हा आडवं व्हायचं. सव्वीस वर्षांत तिच्या वाट्याला एकही असं दार आलं नव्हतं की जे तिनं उघडलं आणि कुणी विचारलं नाही, "कोण हाय गं?"

म्हणून दुसऱ्याच दिवशी झुंबरनं मळ्यातून पाठवलेली पेरूची पाटी तिनं बाजारात न नेता ओट्यावर मांडली. चौथ्या दिवशी शाळेतले मास्तर उधारीवर पेरू मागू लागले. सहाव्या दिवशी पत्ता सांगताना लोक म्हणायला लागले, "पेरूवाल्या बाईच्या ओट्यावरनं उजवीकडं."

"दादा, ही खोली मला दुकानाला ऱ्हाऊ दे," तिनं भावाला म्हणून पाहिलं होतं.

"बघू," तात्याबा म्हणाला होता. 'बघू'ला त्यांच्या घरात अर्थच नव्हता.

तिकडे मोहनरावांनी त्या खोलीची मापं कधीच घेतली होती. व्हर्नाक्युलर फायनलचा निकाल लागला त्या दिवशी मोहननं आपल्या नावाला स्वतःच राव जोडला, आणि त्याला काही खर्च येत नाही म्हणून घरानंही ते मान्य केलं. आता त्यांना त्या खोलीत टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचे होते. साखरबाईचं म्हणणं, टेबलाखाली जागा मोकळीच राहील, तिथं कांदा मावेल. मायलेकांची अशी युती झालेली. तानूबाईच्या बाजूनं एक पेरूची पाटी.

आणि आता हा 'हं'.

नऊच्या सुमारास कन्हेरीचा भिमा गवंडी आला. मोहनरावांनीच त्याला बोलावलं होतं. नुसत्या अंगठ्यानं घर तपासणं त्यांना मागासलेपणाचं वाटे. भिमाकडे एक ओळंबा, एक हातोडी आणि एकूण तीन शब्द होते. तो भिंतीला ओळंबा लावी, एक डोळा मिटी आणि म्हणे, "झुकली." जोत्यावर हातोडी मारी आणि म्हणे, "बसली." स्वयंपाकघरात गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत भिंतीला पांढरी बुरशी आल्यासारखी दिसत होती, ती त्यानं नखानं खरवडली. "खाल्ली."

"कोणी खाल्ली?" मोहनराव पेन्सिल सावरून म्हणाले.

"खारानं." हा चौथा शब्द त्याला जड गेला असावा, कारण तो लगेच पाणी प्यायला बसला. एक घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला. "ह्ये बी."

"काय ह्ये बी?"

"पानी. मचूळ."

मोहनराव भराभर लिहून घेत होते. तानूबाई दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. प्रत्येक शब्दागणिक पुढची खोली तिच्यापासून हातभर लांब जात होती. बापूसाहेब झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते उलटं धरलेलं नव्हतं, पण पान काही उलटलं नव्हतं.

भिमानं माजघरातली मधली तुळई खालून निरखली आणि मान हलवली. तिला काही झालेलं दिसत नव्हतं. तानूबाईच्या जिवात जीव आला. तेवढ्यात सरुबाई चहा घेऊन आल्या. तुळईखालच्या खांबाला एक जुनं सूप टांगलेलं होतं. सरुबाईंनी कप खाली ठेवला, काही कारण नसताना ते सूप खुंटीवरून काढलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, हे इथं होतं होय!"

सुपामागं खांबावर वाळवीची मातकट वाट वर चढत गेली होती, थेट तुळईच्या पोटात. भिमानं हातोडी मारली. आवाज असा आला, की कोंबड्या परसातून आत बघायला आल्या.

"ग्येली," भिमा म्हणाला.

बापूसाहेबांनी पान उलटलं.

पण तानूबाई तुळईकडे बघतच नव्हती. ती सरुबाईंकडे बघत होती. आठ दिवस ती त्या माजघरात निजत होती. ते सूप त्या खुंटीवरून एकदाही हललेलं तिनं पाहिलं नव्हतं. धान्य पाखडायला सरुबाई दुसरंच सूप घेत. आणि 'अगंबाई' म्हणताना त्यांचा आवाज कसा, तर रोज आरशापुढं म्हणून बघितल्यासारखा.

*

दुपारी ओट्यावर बैठक बसली. झोपाळा सोडून बापूसाहेब सतरंजीवर आले. समोर तात्याबा, गुडघ्यावर पटक्याचं फडकं अंथरून. बैलबाजारात सौदा होतो तो असल्या फडक्याखाली. दोघं एकमेकांची बोटं धरतात, दाबतात, आणि भोवतीच्या गर्दीला कळतं फक्त चेहऱ्यावरचं. मोहनराव उभे, हातात यादी. साखरबाई दारात. सरुबाई दाराआड. भिमा गवंडी पायरीवर, मजुरीची वाट बघत. तानूबाई आपल्या पाटीमागं, अर्धी बैठकीत आणि अर्धी गिऱ्हाइकांत.

"खोड पहिली," मोहनरावांनी वाचलं. "मागील भिंत सव्वा वीत बाहेर झुकलेली आहे."

"आहे," बापूसाहेब म्हणाले. "माझ्या लग्नापासून आहे. पडली का?"

"खोड चौथी. मुख्य तुळई वाळवीने पोखरलेली असून ठोकली असता पोकळ आवाज येतो."

"मृदंगाचाही येतो. म्हणून कोणी मृदंग स्वस्तात मागतं का?"

"खोड अकरावी. विहिरीचे पाणी मचूळ असून त्यात डाळ शिजत नाही."

"सकाळी चढवलेली तूरडाळ दिस मावळंस्तवर खडखडती!" साखरबाई दारातून म्हणाली. "मोजून टाकली व्हती, मोजून निघाली!"

"कालव्याचं पाणी जमिनीत मुरतं आणि विहिरीत खार उतरतो, त्याला मी काय करू? सरकारला नोटीस द्या."

"खोड सतरावी." इथं मोहनराव जरा घुटमळले. "घोरणे."

"घोरणं? घराचं?"

"आपलं. पण घरात ऐकू येतं."

"ते मी जाताना बरोबर नेणार आहे," बापूसाहेब म्हणाले. "यादीतून काढा."

मोहनरावांनी ते प्रामाणिकपणे खोडलं. "सबब, सोळा खोडी ध्यानात घेता सोळाशेतून सहाशे रुपये वजा व्हावेत."

"सहा पैसे नाहीत," बापूसाहेब म्हणाले. "आणि आता माझं ऐका. तात्याबा, आपण तुमच्याच कायद्यानं बोलू. आठ दिवस जुंपलंत ना जनावर?"

"जुंपलं."

"चाललं की नाही?"

"म्हंजी?"

बापूसाहेबांनी हात लांब करून पाटी दाखवली. "या ओट्यावर सात दिवस पेरू विकतायत. काल दुपारी तीनला पाटी रिकामी होती. परवा दोन पाट्या गेल्या. जनावर औत ओढतंय, वर गाडीलाही चालतंय, आणि तुम्ही म्हणता लंगडं? शिवाय तुमच्या बहिणीनं अंगण सारवलं, जोतं लिंपलं. खायला-प्यायला घालून गुटगुटीत केलंत जनावर. खरं म्हणजे मीच पंचवीस वाढवून मागायला हवेत."

तात्याबा कात्रीत सापडला. तो कायद्याला पक्का माणूस होता. एकदा त्यानं एक तिरळा बैल परत करायचं नाकारलं होतं, कारण तिरळेपणा दिसला त्या दिवशी बैलानं चार पोती वाहिली होती. चाललेल्या जनावराची किंमत तोडायची नाही, हा नेम बारामतीच्या बाजारात त्यानंच चारचौघांना ऐकवला होता, आणि त्या चौघांत बापूसाहेब बाजार बघायला उभे होते.

सगळ्या माना पाटीकडे वळल्या.

"मी म्हनलं व्हतं," साखरबाई म्हणाली. "ओट्यावर पसारा मांडू नगा म्हनून. वन्सं, झालं आता समाधान? तुमच्या पेरूनं आमचं सहाशे खाल्लं!"

"आत्याबाई, आपण पुरावा निर्माण केलात," मोहनराव म्हणाले. "विरुद्ध पक्षाचा."

"अरं, पेरू इकलं, चोरी न्हाय केली," तानूबाई म्हणाली. पण तिचा आवाज पाटीच्या पलीकडे गेला नाही. एका गिऱ्हाइकानं त्याच वेळी पैसा पुढं केला. तिनं मुकाट्यानं तीन पेरू दिले. तो पैसा तळहाताला असा पोळला, जसा आतापर्यंत कुठला पैसा पोळला नव्हता.

तात्याबा उठला. फडकं झटकून खांद्यावर टाकलं. "मोडक्या तुळईला सोळाशे आमी देणार न्हाय, आन् नेम आमी मोडणार न्हाय. मंग सौदाच मोडला. विसार द्या माघारी. मोहन, गाडी जुंप."

आणि इथं तानूबाईनं पाहिलं ते दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. सौदा मोडला म्हणताच बापूसाहेबांचा चेहरा खुलला. हसू नव्हे; पण रजा मंजूर झालेल्या कारकुनाचा दिसतो तसा. ते चटकन उठले आणि विसाराचे पैसे आणायला निघालेही. माणूस घर विकायला बसला होता आणि घर विकलं गेलं नाही म्हणून खूश होता! आणि दाराआड सरुबाईंचा चेहरा पार उतरला होता. त्या दाराची कडी धरून उभ्या होत्या.

तानूबाईच्या डोक्यात सूप हललं.

"दादा, थांब," ती म्हणाली. "तुजं फडकं कुठंय?"

"खांद्यावर. का?"

"अजून फडक्याखाली हात कुठं गेला? बोटं धरल्याबिगर सौदा मोडला म्हनत्यात व्हय बाजारात?"

हेही नेमातच बसत होतं. तात्याबा थबकला. पण बापूसाहेब ताठ झाले. "फडक्याखाली हात घालायला मी दलाल नाही. कचेरीत आयुष्य गेलं माझं."

"मंग मी धरते बोटं आमच्या बाजूनं," तानूबाई म्हणाली.

 भिमा गवंडीसुद्धा सरळ बसला.

"तू?" तात्याबा म्हणाला. "परक्या बाप्याचा हात धरनार? फडक्याखाली?"

"इकडं पदर आहे," दारातून आवाज आला. सरुबाई बाहेर आल्या. गेल्या आठ दिवसांत त्या पुरुषांच्या बैठकीत आल्या नव्हत्या. बहुधा गेल्या तीस वर्षांतही नसाव्यात. "लुगडं नऊवारी आहे, पदर मोठा आहे. आमच्या बाजूनं मी धरते."

"तुम्ही?" बापूसाहेब म्हणाले. "घराचा व्यवहार आहे हा!"

"घर कोणाच्या नावावर आहे?" सरुबाईंनी विचारलं.

बापूसाहेब खाली बसले. घर सरुबाईंच्या वडिलांनी लेकीला दिलेलं होतं. कागद बापूसाहेबांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात नकलून ठेवला होता, आणि बाकी सगळ्यांप्रमाणे तेही ते विसरून गेले होते.

दोघी उंबऱ्यावर समोरासमोर बसल्या. सरुबाईंनी पदर पसरला, दोघींच्या मांड्यांवरून घेतला, आणि तानूबाईनं आत हात घातला. भावाच्या मागं उभं राहून तिनं पन्नास बाजार पाहिले होते. एक बोट म्हणजे शंभर. बोट मुडपलं की पन्नास. चेहरा असा ठेवायचा, जणू समोरच्यानं आईला शिवी दिली आहे.

तिनं चेहरा तसा केला आणि चार बोटं दाबली. चारशे तोडा.

सरुबाईंनी नकारार्थी मान हलवली. ओट्यावरच्या सगळ्यांनी ती पाहिली. बापूसाहेबांनी समाधानानं मिशीवर हात फिरवला. पदराखाली मात्र सरुबाईंनी तानूबाईची पाच बोटं दाबली.

तानूबाईला वाटलं, बाईंना येत नाही. तिनं पुन्हा चार दाबली. पुन्हा मान हलली. पुन्हा पाच आली, आणि वर सहावं.

"अवं बाईसाहेब," ती ओठ न हलवता कुजबुजली, "तुमाला वाढवाय पायजे, मला तोडाय पायजे. तुमी उलटं करताय."

"मला सगळं कळतंय," सरुबाई तशाच कुजबुजल्या. चेहरा दगडी. "तीस वर्षं कऱ्हेवरनं पाणी आणलंय मी. या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही हे तुमच्या वैनींना आठ दिवसांत कळलं, मला काय कळलं नसेल? डोक्याचा मधला भाग सपाट झालाय. लेक पुण्याहून दर महिन्याला लिहितो, आई, ये. बिऱ्हाडात नळ आहे. मला तो नळ बघायचाय. पण ह्यांना हा ओटा सुटत नाही. गिऱ्हाईक आलं की हे भाव वाढवतात. तुम्ही चौथे. या खेपेला मी सूप काढलं. आता सहा घ्या आणि मला सोडवा."

 समोरची बाई दारातून बाहेर पडायला बघत होती आणि ती स्वतः त्याच दारातून आत यायला.

"सहा न्हाय," ती कुजबुजली. "म्हाताऱ्या मानसांचं पैसं हैत. पुण्यात नळ हाय, पर फुकट काय बी न्हाय. चार."

"पाच."

"चार म्हनते ना!"

"आवाज वाढवू नका, ऐकतील. पाच."

पदर चांगलाच हलू लागला होता. साखरबाई तात्याबाच्या कानात म्हणाली, "बगा, कशी वाघिनीवानी झगडतीया. कदी नव्हं ते."

"रक्त हाय," तात्याबा म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात बहिणीबद्दल काहीतरी होतं, आणि ते 'बघू' नव्हतं.

शेवटी दोघींनी दमून एकमेकींकडे पाहिलं. चार बोटं, आणि पाचवं मुडपलेलं. सरुबाईंनी ते घट्ट दाबलं. साडेचारशे. घर साडेअकराशेला.

"ठरलं," सरुबाईंनी पदर आवरला.

"किती?" चौघं एकदम म्हणाले.

"फडक्याखालचं उघड बोलायचं नस्तं," तानूबाई म्हणाली. "दादाचाच नेम हाय. मालकाच्या कानात सांगायचं, बास." ती उठली आणि भावाजवळ गेली. तात्याबानं कान खाली केला. तिनं तोंड कानाशी नेलं आणि म्हणाली, "पुडची खोली कुनाची?"

तात्याबानं कान काढून घेतला. "किंमत इचारली मी!"

"सांगते की. आदी खोली."

"तिथं माझं टेबल…" मोहनराव म्हणाले.

"तुजं टेबल मळ्यावर टाक. तितं कोन अर्ज लिवून घ्यायला येनार न्हाय, म्हंजी तुला चुका बी करता येनार न्हायत."

"आन् कांदा?" साखरबाई म्हणाली.

"वैनी, कांद्याला दुसरं दार लागत न्हाय. मला लागतं." तानूबाई भावाकडे वळली.   "सव्वीस वर्सं तुज्या कणगीच्या मागं निजले, दादा. कदी काय मागितलं? ह्यो सौदा मी केला. दलाली तरी देशील का न्हाय?"

तात्याबानं बहिणीकडे पाहिलं, मग खोलीकडे, मग पुन्हा बहिणीकडे. "आधी येवढं सांग, सोळाशेच्या वर हाय का खाली?"

"खोली."

"चौदाच्या वर का खाली?"

"खोली."

तेवढ्यात सरुबाईंनी कमरेचा जुडगा सोडला. त्यातली एक पितळी किल्ली काढली आणि तात्याबाच्या हातात दिली. "ही रस्त्याच्या दाराची. घर तुमचं झालं. पुढं कुणाला द्यायची ते तुम्ही बघा."

तात्याबानं किल्ली तळहातावर तोलली, जशी तो कुठलीही वस्तू तोलायचा. मग बहिणीपुढं धरली. "घे. पर मोहनला कागदावर लिवू दे. न्हाईतर उद्या माझाच इचार बदलंल."

मोहनरावांनी सतरा खोडींच्या यादीच्या पाठीवर ते लिहिलं. 'सबब' दोनदा आलं, पण अर्थ बरोबर होता. भिमा गवंड्यानं साक्षीदार म्हणून अंगठा दिला.

मग तानूबाईनं भावाच्या कानात आकडा सांगितला.

तात्याबानं आकडा बोटांवर मोजून पाहिला. त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं, नीट घडी घातली आणि तानूबाईच्या पाटीवर ठेवलं. "ऱ्हाऊ दे तुज्याकडं," तो म्हणाला. "मला आता त्याचा काय उपेग न्हाय."

आत माजघरात बापूसाहेब सरुबाईंच्या मागं मागं फिरत होते. "अहो, पण किती? मला तरी सांगाल की नाही?"

"सांगते. आधी या ट्रंकेवर बसा, झाकण लागत नाहीये."

"ट्रंक? ट्रंक कधी भरलीत?"

"शुक्रवारी. बसा."

बापूसाहेब बसले. कडी लागल्याचा आवाज ओट्यापर्यंत आला.

ऊन कलत होतं. तानूबाईनं किल्ली पदराच्या गाठीत बांधली, रस्त्याचं दार आतून एकदा लावून पाहिलं, मग उघडून पाहिलं. कुणीही काही विचारलं नाही. ती पाटीमागं येऊन बसली. शाळेतले मास्तर आले, पैसा पुढं केला आणि नेहमीप्रमाणे तीन पेरूंकडे हात नेला. तिनं त्यातला एक काढून परत पाटीत ठेवला.

"अहो बाई! सकाळपर्यंत पैशाला तीन होते!"

"व्हते की," तानूबाई म्हणाली. "तवा मी परक्याच्या ओट्यावर इकत व्हते. आता माजं दुकान हाय. पैशाला दोन."